रुमालाखालचं बोलणं

"तोंडनं काम नही भाऊ, हातनं काम शे," असं म्हणून आबा खांद्यावरचा रुमाल काढायचे, माझ्या मनगटावर टाकायचे आणि रुमालाखाली माझी बोटं धरायचे. पहिल्यांदा मी घाबरलोच. जळगावच्या पिंप्राळ्यात घर घेऊन आम्हाला आठवडा झाला होता, आणि समोरच्या घरातला हा वाळक्या अंगाचा म्हातारा भर रस्त्यात माझा हात धरून उभा! नंतर कळलं की मी मेथीची जुडी कितीला घेतली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भाव तोंडाने विचारणं म्हणजे त्यांना चौकात अंघोळ केल्यासारखं वाटे.

चाळीसगावकडच्या बैलबाजारात त्यांनी उभं आयुष्य दलाली केली. तुमच्यापैकी कोणी जुना बैलबाजार पाहिला असेल तर आठवेल, दोन माणसं एकमेकांकडे न बघता उभी असतात, मध्ये रुमाल, आणि रुमालाच्या आत काहीतरी वळवळतंय. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. शेकडा की हजार, ते समोरच्या बैलाकडे बघून समजून घ्यायचं. पटलं तर अख्खी मूठ आवळायची, सौदा ठरला. नाही पटलं तर तळहातावर नखाने ओरखडायचं, सौदा मोडला. या दोन्हींतलं एक झाल्याशिवाय कोणी हात बाहेर काढायचा नाही.

"आनि काढा ते?" मी एकदा माझ्या मोडक्या अहिराणीत विचारलं.

"बैल दावं तोडीसन निंघी जास," आबा म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या गिरणाकाठच्या गावात, दोन खोल्यांच्या धाब्याच्या घरात, सासू-सासरे, दोन दीर आणि एक अतिशय तिखट कानांची आतेसासू यांच्यात काढली. नवरा-बायकोने बोलायचं कुठे? म्हणून आबांनी बायकोला बाजारातली बोटं शिकवली आणि दोघांनी त्यांचे अर्थ आपल्या सोयीने लावून घेतले. एक बोट म्हणजे भूक लागली. दोन म्हणजे गप्प बसा, आतेसासू जागी आहे. तीन म्हणजे काय, ते आबांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही फार ताणलं नाही. चार म्हणजे घरी चला.

हे चार मी स्वतः पाहिलेत. आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात आम्ही चौघं शेजारी शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. नवरदेव अजून घोड्यावरच होता. अक्का मंडपाकडे बघत होत्या, आबा पंख्याकडे. मध्ये रुमाल. एकदम आबांनी मूठ आवळली, दोघं उठली आणि चालायला लागली.

"बघा," माझी बायको सुनंदा मला म्हणाली, "मी तुम्हाला दहा वेळा कोपराने ढोसते, तरी तुम्ही जिलबी येईपर्यंत हलत नाही."

जिलबी आली नव्हती, हे खरंच होतं.

मग अक्कांना लकव्याचा दुसरा झटका आला. बोलणं गेलं. जळगावच्या एका दवाखान्यात त्या नऊ दिवस होत्या आणि आबा नऊ दिवस उशाशी. त्या शेवटच्या दुपारचं आबांनी मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं, ओट्यावर बसून, माझ्याकडे न बघता.

"चार दाबात तिनी. घर चला. गावनं घर, भाऊ, आठलं नही." त्यांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. "आनि मी तोंडघाई बोलनू. सकाळी दखूत, सांगं. हात बी मीच पहिले काढा."

अक्कांना इथल्या नव्हे, गावच्या घरी जायचं होतं आणि सकाळी बघू, असं ते तोंडाने बोलले होते. नर्स कागदावर सही घ्यायला आली म्हणून हात काढला होता. मूठ आवळली नव्हती आणि ओरखडाही काढला नव्हता. संध्याकाळी अक्का गेल्या. मुलगा पुण्याहून आला, सगळं जळगावलाच उरकलं. गावच्या घराचं कुलूप कोणी काढलं नाही.

तुम्ही आम्ही अशा वेळी म्हणतो, आबा, तुमचा काय दोष, डॉक्टरांनी सोडलं असतं का? मीही म्हणालो. पण ज्या माणसाने आयुष्यभर एक सौदा उघडा ठेवला नाही, त्याला हे सांगून काय उपयोग? त्या दिवसापासून रुमाल खांद्यावरच राहिला. मेथी ते मुकाट्याने घ्यायचे, सांगतील त्या भावाने.

वर्ष झाल्यावर मुलाने परस्पर त्यांचे व्हिएतनामच्या सहलीचे पैसे भरले. का, तर आम्ही जात होतो. "काका, आबांकडे लक्ष ठेवा," तो फोनवर म्हणाला. मी हो म्हणालो. मी स्वतःकडे किती लक्ष ठेवू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आबांनी एकच विचारलं, "तठे बैल शेतस का?"

"आहेत म्हणतात."

"मंग चला."

सहलीतल्या चौथ्या दिवशी आम्हाला पहाटे साडेचारला उठवलं. तिथल्या मोठ्या नदीवर सूर्य उगवायच्या आत बाजार भरतो, नावांचा. विकणारे नावेत, घेणारेही नावेत. मी बावीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, पाण्याची लाखो कागदपत्रं हाताळली, पण मला पोहता येत नाही. नारिंगी जाकीट घालून मी फळीवर बसलो आणि आमची नाव तत्काळ माझ्या बाजूला कलली. सगळे हसले. गाइड मुलगी आमच्याइतकंच इंग्रजी बोलणारी, तिने खुणेनेच मला मध्ये सरकवलं. मग नाव सरळ झाली आणि निघाली.

धुकं इतकं होतं की नदीचा दुसरा काठ असेल की नसेल, सांगता येत नव्हतं. पाण्याला वास येत होता डिझेलचा आणि कुजक्या अननसाचा. मग धुक्यातून डोळे दिसायला लागले. नावांच्या नाकाडावर दोन्ही बाजूंना मोठाले डोळे रंगवलेले, पांढरे, काळ्या बुबुळांचे. आधी डोळे येत, मग त्यांच्यामागून नाव येई. नाववालीने इंजिन बंद केलं. त्या शांततेत आमच्यातल्या एकाने केळ्याचे वेफर्स फोडले, तो आवाज मला अजून आठवतो.

प्रत्येक नावेवर एक उंच बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला माल बांधलेला. अननस बांधला तर आत अननस, भोपळा बांधला तर भोपळा. ओरडायचं नाही, पाटी लावायची नाही.

आबांनी त्या बांबूंकडे मान वर करून पाहिलं आणि जळगाव सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "समजदार लोक शेतस," ते म्हणाले.

एका बांबूला नुसतं झावळीचं पान बांधलेलं होतं. खाली एक जुनी नाव, मालाविना रिकामी. सुनंदाने विचारलं, इथे पानं विकतात का? गाइडने नाही म्हणून मान हलवली. पान म्हणजे नावच विकायची आहे, घरच विकायचं आहे, कारण ही माणसं नावेतच राहतात.

ती नाव सरकत सरकत आमच्या जवळ आली, आबांच्या बाजूला. तिच्यात एक म्हातारी बसली होती. शंकूसारखी टोपी, त्यामुळे चेहरा दिसेना. नुसता एक हात मांडीवर, उताणा.

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

मी म्हणणार होतो की आबा, हिला काय कळणार बैलबाजारातलं? पण तोवर त्यांनी रुमाल तिच्या हातावर टाकला होता आणि आपला हात आत घातला होता. तुम्ही म्हणाल सवय, माल दिसला की दलालाचा हात जातोच. मीही आधी तेच समजलो. रुमाल धुक्याने ओला होऊन बोटांना चिकटला होता, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. आबांनी काहीच दाबलं नाही. तिने दाबलं. एक. दोन. तीन. चार. मग थांबली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. मला वाटलं, हे आता नाव विकत घेणार आणि ती जळगावला न्यायची जबाबदारी माझ्यावर येणार. मग मी आबांचं तोंड पाहिलं आणि मला अक्कांचे ते चार आठवले.

"आबा," मी म्हणालो, "ओरखडा. नखाने ओरखडा आणि हात काढा."

"भाऊ, गप बसा."

प्रवाहाने दोन्ही नावा हळूहळू फाकायला लागल्या. आबांचा हात ताणत गेला, मग खांदा, मग ते फळीवरून अर्धे बाहेर. नाववाली मागून ओरडायला लागली. गाइडने त्या बाईला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाईने उत्तर दिलं नाही आणि हातही काढला नाही. मला उठून आबांना धरता येईना. माझं वजन नव्वद किलो, मी उठलो असतो तर सगळेच पाण्यात गेलो असतो. सुनंदाने मात्र त्यांच्या जाकिटाचा मागचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले.

"हात सोडा ना आबा!"

"ह्या येळले नही," आबा म्हणाले. त्यांनी मूठ आवळली. रुमालाखाली तिची सगळी बोटं त्यांच्या मुठीत गेली, आणि मग हात सुटले.

बाई उभी राहिली. तिने बांबू खाली घेतला, झावळीचं पान सोडलं आणि नावेच्या तळाशी ठेवून दिलं. पैसे मागितले नाहीत, आमच्याकडे पाहिलं नाही. वल्हं मारत ती धुक्यात गेली. शेवटी दिसली ती नावेची पाठ, डोळे नव्हेत.

"पान काढलं म्हणजे विकली गेली," गाइड म्हणाली. नंतर तीच बुचकळ्यात पडली. "कोणी घेतली?"

परतताना आमची नाव पुन्हा कलली. नाववालीने रागाने माझ्याकडे पाहिलं, पण मी मध्येच होतो, दोन्ही गुडघे जवळ घेऊन, आज्ञाधारक मुलासारखा. नाव आबांच्या बाजूला कलली होती. त्यांच्या फळीवर ते एकटे, उसाच्या चिपाडासारखे, आणि तेही कडेला सरकून बसलेले. नाववालीने त्या फळीकडे जरा वेळ पाहिलं. मग तिने मलाच खूण केली आणि विरुद्ध बाजूला बसवलं, तोलाला. नाव सरळ झाली. मी काठ येईपर्यंत समोर पाहिलं नाही. थंडी फार होती, असं मी सुनंदाला सांगितलं.

उरलेले दिवस आबा मजेत होते. दोनदा मागून भात घेतला. बसमध्ये मात्र खिडकीची जागा सोडून बाहेरच्या जागेवर बसायचे. एकदा सुनंदाने आपली पिशवी त्या रिकाम्या जागेवर ठेवली. थोड्या वेळाने, कोणी काही म्हटलं नसताना, तिने ती उचलली आणि मांडीवर घेतली.

मुंबईहून येताना गाडी चाळीसगावला थांबली, तसे आबा बॅग घेऊन उठले.

"आबा, जळगावला अजून वेळ आहे."

"माले आठेच उतरनं शे. घर जावानं शे."

मी सुनंदाकडे पाहिलं. "जा त्यांच्याबरोबर," ती म्हणाली, "मी सामान नेते."

रिक्षाने गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कुलूप गंजलं होतं. शेजारच्याने तेल दिलं, कुलूप उघडायला पंधरा मिनिटं लागली. त्या घरातून आबा पुन्हा पिंप्राळ्याला आले नाहीत. मुलगा येऊन समजावून गेला, मी दोनदा जाऊन आलो, ते हसून चहा पाजायचे. दिवाळीच्या आधी तिथेच, झोपेत गेले. समोरचं घर आता दुसऱ्यांचं आहे. पण मला आबा आठवतात ते त्या दिवशीचे, कुलूप निघाल्यानंतरचे.

त्यांनी दार लोटलं आणि आत गेले नाहीत. मला तर भूक लागली होती, मी सरळ पाय पुढे टाकला. आबांनी हात आडवा धरला.

"थांबा भाऊ."

ते चौकटीच्या एका अंगाला सरकून उभे राहिले. पहिल्या झटक्यानंतर अक्कांना कुठल्याही दारात वेळ लागायचा, आधी चौकट धरायची, मग उजवा पाय, मग डावा ओढून घ्यायचा. आबा तेवढा वेळ थांबले. घाई न करता, उंबऱ्याकडे बघत. आतून बंद घराचा वास येत होता. त्यांच्या शेजारी, दाराच्या अगदी मध्ये, मी माझे नव्वद किलो घेऊन उभा होतो. ते माझ्या लक्षात आलं, आणि मी बाजूला झालो.