न मोडलेलं बेणं

माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं मला लावणीसाठी हळदीचं सडकं बेणं दिलं. माझी फसवणूक झाली ती अशी, आणि ती मी आजवर विसरलेलो नाही.

वसमतच्या बाजारात मला कुणी फसवू शकत नाही. हळदीची कांडी मोडून नाकाला लावल्याशिवाय मी भाव बोलत नाही. कुणी घाई केली तर तिथंच भांडतो. ही परख मला दादानंच शिकवली. लहानपणी आम्ही दोघं लोकांच्या रानात हळद वेचायला जायचो. तो ओला कंद मोडून माझ्या नाकाशी धरायचा. "सांग, जित्ता का मेला?" चुकलो की टपली.

त्या उन्हाळ्यात त्यानं बेण्याची पोती माझ्या रानात आणून टाकली आणि हसत म्हणाला, "घे, मोडून बघ."

"घरच्या बेण्याला कोणी मोडून बघतं का, दादा?"

आमच्याकडं भावाचं बेणं मोडून बघणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. मी ते तसंच मातीत घातलं.

भादव्यात पानं कडेनं पिवळी पडली. खोड ओढलं तर अलगद हातात आलं, खाली पाणी सुटलेला कंद. वास ओळखीचा होता, मेल्या कंदाचा.

कृषी महाविद्यालयात शिकणारी लेक सुट्टीला आली होती. मी तिच्यावरच ओरडलो, "झाडाला सोताला काहीच करता येत न्हाई का?"

"करतंय की, बाबा. झाडात पॉलिअमाइन नावाची द्रव्यं असतेत. रोग शिरला की झाड ती जास्त बनवतं अन् फोडतं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. जखमेवर टाकलं की फेस येतो, तेच. त्यानं जंतू मरतेत, पेशींच्या भिंती टणक होतेत. कधी तर झाड रोगाजवळच्या आपल्याच जित्त्या पेशी मारून टाकतं, रोग पुढं सरकू नये म्हणून."

"बाटलीत भेटतं का? काय भाव?"

"इथंबी भाव?" ती हसली. "सडलेला कंद बाटलीनं जित्ता होत न्हाई. रोग बाहेरून आला असता तर झाडाला लढायला येळ भेटला असता. हा बेण्यातच बसलेला होता."

"अन् त्या मारलेल्या पेशी?"

"त्यांचा डाग ऱ्हातो पानावर."

त्याच दिवशी मी दादाच्या अन् माझ्या रानामधल्या बांधावरची वाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. दादा पलीकडं उभा राहून बघत होता. तेव्हापासून दिवाळीचं ताट इकडून तिकडं जात नाही.

हळद पुढच्या वर्षी पुन्हा लावली, चांगली आली. पण बाजारात कांडी मोडली की अजून त्याचाच हात नाकाशी येतो. ज्यानं मला हा वास शिकवला त्याला तो आला नसेल, हे पटत नाही. आला असेल, हे सोसवत नाही. आणि "मोडून बघ" ही थट्टा होती, की तो मला सावध करत होता?

दादा, काट्या मी उचलतो. तू बांधावर ये आणि सांग, तुला माहीत होतं का? उत्तर तुझ्याच तोंडून पाहिजे.