रिकाम्या पाकिटांची बादली

बियाण्याची दहा रिकामी पाकिटं आणून द्या आणि एक प्लास्टिकची बादली घेऊन जा, अशी योजना आमच्या तालुक्याच्या गावातला एक कृषी केंद्रवाला दर हंगामात चालवत असे. बादली निळी, कडी लोखंडी. योजना लोकप्रिय होती. ती कशासाठी आहे, हे मला बातमी छापून आल्यावर कळलं.

तेव्हा मी खामगावला एका दैनिकात वार्ताहर होतो. सोनाळ्याकडच्या शिवारात त्या दुकानातून नेलेलं बीटी कापसाचं बियाणं उगवलं नव्हतं. बी मातीत टोबून बारा दिवस झाले तरी तासांमध्ये, म्हणजे पेरणीच्या ओळींमध्ये, नुसती माती. मी शेतं पाहिली, दुकानाच्या नावासह बातमी दिली. कृषी खात्याचा माणूस पंचनाम्याला आला. त्याने पाकीट आणि पावती मागितली. पावती म्हणजे चिठोरा, त्यावर ना नाव ना सही. पाकीट कुणाकडेच नव्हतं. एक मावशी घरात गेली आणि बादली घेऊन बाहेर आली.

"त्याच्या बदल्यात हे भेटली," ती म्हणाली. पंचनाम्यात बादलीसाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आमच्या संपादकांसमोर बसून चहा प्यायला. "एक पाकीट दाखवा ना साहेब, मी उठून जातो," म्हणाला. संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. "पाकीट आहे?" नव्हतं. खुलासा पहिल्या पानावर चौकटीत गेला आणि तो मलाच लिहायला लावला. अठ्ठावीस शब्द. निघताना दुकानदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लिहिता मात्र चांगलं हो तुम्ही, पेपरवाले."

वर्षाच्या आत मी ते दैनिक सोडलं. खुलाशाचं कात्रण जपून ठेवलं.

पुढे पुण्यात शेतकऱ्यांसाठी मोबाईल अ‍ॅप बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मजकूर लिहायचं काम मिळालं. काही वर्षांनी त्यांनी मला प्रॉडक्ट ओनर केलं. म्हणजे काय बनवायचं आणि आधी काय, हे ठरवणारा. काम स्क्रम पद्धतीने चालायचं. दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणत. टप्प्याच्या सुरुवातीला त्याचं उद्दिष्ट, म्हणजे गोल, एका वाक्यात फळ्यावर लिहायचं. त्या वाक्यात न बसणारं काम दोन आठवडे कुणी हातात घ्यायचं नाही.

मृग नक्षत्राला तीन आठवडे होते. यादीत हवामान होतं, बाजारभाव होते, फवारणीचा सल्ला होता. मी उठून फळ्यावर लिहिलं: "कृषी केंद्रांची यादी, त्यांच्यावरच्या तक्रारी आणि त्यांना मिळालेले गुण दाखवणे."

बैठक चालवणारी स्क्रम मास्टर पुण्याची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिने वाक्याखाली तीन रेघा ओढल्या.

"सर, ह्या तीन गोष्टी झाल्या. उद्दिष्ट एक लागतं. आणि ह्यात शेतकरी कुठेय? हे वाक्य कुणावर तरी रोखल्यासारखं वाटतंय."

"कुणावर?"

"ते तुम्हाला माहीत. मला एवढंच सांगा, दोन आठवड्यांनी शेतकऱ्याला असं काय करता येईल, जे त्याला आज येत नाही?"

बातमीचं पहिलं वाक्य लिहिण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. मी फळा पुसला आणि लिहिलं: "पाकीट फोडण्याआधी शेतकऱ्याला त्याचा असा फोटो काढता यावा, की पाकीट हातचं गेलं तरी लॉट नंबर, तारीख आणि शेत कुणालाही नाकारता येऊ नये."

तिने दोनदा वाचलं. "हे चालेल," म्हणाली. दुकानदार वाक्यातून बाहेर गेला होता. माझ्या हिशेबाने तो त्याच वाक्यात अडकला होता.

त्या वाक्याने बरंच काम कापलं. हवामानाचं रंगीत चित्र मागणाऱ्या संचालकांना मी फळ्याकडे बोट दाखवलं. आमच्याकडच्या शिवारात नेटवर्क नसतं, म्हणून फोटो फोनमध्येच तारखेसह बंद व्हावा आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पुढे जावा, हे ठरलं. लॉट नंबर, म्हणजे साठ्याचा क्रमांक, पाकिटाच्या वरच्या पट्टीवर असतो आणि विळ्याने पाकीट फोडताना नेमकी तीच पट्टी उडते, म्हणून नंबर वाचता येत नसेल तर अ‍ॅपने फोटो घ्यायलाच नकार द्यावा, हेही ठरलं.

आठव्या दिवशी मी स्वतःच नियम मोडायला गेलो. टीममधला एक प्रोग्रामर खामगावचा, वडील तिथे शिंपीकाम करायचे. त्याला म्हटलं, दुकानांच्या गुणांचं एक पान तेवढं अ‍ॅपमध्ये घालून दे.

"हे गोलमधी बसते का, भाऊ?"

"बसवता येईल."

"बसवाले तं हत्ती बी स्कूटरवर बसवता येते." त्याने खुर्ची वळवली. "एवढी खुन्नस काऊन हो?"

मी त्याला बादलीची गोष्ट सांगितली. तो हसला नाही.

"मंग तं हे पान नकोच. दुकानाचं नाव दिसलं का थो वकील आणते. फोटोवर वकील काय करन? आमचे अब्बा म्हणतेत, कपडा फाडाच्या आधी दोनदा मोज."

पान घातलं नाही. उद्दिष्ट वेळेत पूर्ण झालं.

त्याच आठवड्यात पंचनाम्याला बादली घेऊन आलेल्या त्या मावशीचा फोन आला; बातमीपासून माझा नंबर तिच्याकडे होता. आमचं अ‍ॅप तिच्या नातवाने फोनमध्ये घातलं होतं. तिने विचारलं, "त्या बादलीवाल्याजवळ बियाणं स्वस्त सांगून राह्यले. घेऊ का रे?"

मी नको म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "घ्या. पण आधी फोटो काढा, मंग फोडा."

हे इथे नोंदवून ठेवतो. तिने टोबणी केल्यानंतरचे दोन आठवडे मी कापूस उगवल्याच्या नव्हे, न उगवल्याच्या फोनची वाट पाहिली.

फोन आला. मावशीचं अर्धं शेत रिकामं होतं, शेजारच्या सहा जणांचंही. सगळ्यांनी रिकामी पाकिटं परत देऊन बादल्या घेतल्या होत्या. तालुक्याच्या तक्रार समितीसमोर दुकानदार आरामात बसला आणि त्याचं ठरलेलं वाक्य बोलला, "एक पाकीट दाखवा ना साहेब."

सात फोन टेबलावर आले. सातही फोटोंत न फोडलेलं पाकीट, पाठीमागे त्याच्याच दुकानाची पाटी किंवा ज्याचं त्याचं शेत, आणि लॉट नंबर एकच. अधिकाऱ्याने बियाणं कंपनीकडे चौकशी केली. तशा नंबरचा लॉट कंपनीने कधी भरलाच नव्हता. दुकानदाराचा बियाणे विक्रीचा परवाना निलंबित झाला आणि पोलिसांत तक्रार गेली. आमच्या जुन्या दैनिकाने बातमी छापण्याआधी संपादकांनी मला फोन केला. प्रश्न तोच होता. या वेळी मी सात फोटो पाठवले. दुकानदाराने खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही.

मावशीने दुसऱ्यांदा टोबणी केली. हंगाम तीन आठवडे मागे पडला. तिचं ते नुकसान माझ्या एका शब्दाचं होतं, आणि ते मी तिला शेताच्या धुऱ्यावर उभं राहून सांगितलं.

ती मग म्हणाली, "मले म्हाईत होतं थो चोर हाये. तुले विचारलं, कारण तू त्याच्यावर टपून होता." डोक्यावरचा पदर सारखा केला. "चाल आता. त्याच्या दुकानात जाऊ."

बियाण्याची कपाटं कुलूपबंद होती, त्यावर सरकारी कागद. बाकी दुकान उघडं होतं. कोपऱ्यात निळ्या बादल्या एकात एक रचलेल्या. दुकानदाराने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही पेपरवाले ना?"

"होतो," मी म्हणालो.

मावशीने एक बादली उचलली. "केवढ्याले?"

"न्या ना, मावशी. पैसे कायचे?"

"फुकटची नको. दोन हायेत घरी फुकटच्या." तिने नोट काउंटरवर ठेवली. "पावती दे. पक्की. नाव लिही, तारीख लिही, सही कर."

त्याने आमच्या पाठीमागे पाहिलं. बाजाराचा दिवस होता, मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. त्याने खणातून पावतीपुस्तक काढलं. ते कोरं होतं. पहिलीच पावती त्याने मावशीच्या नावाने फाडली.

मावशीने ती माझ्यासमोर धरली.

"काढ फोटो," ती म्हणाली.