रिठ्यानं धुतलेली नळी

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी तापट, हे जुन्नरात सगळ्यांना माहीत आहे. ताटं भिरकावली, शेजाऱ्याची गचांडी धरली — लोक हसत सांगतात. हे त्यातलं नाही.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. पुण्यात रसायनशास्त्राचा प्रबंध लिहीत होतो. वडील जुन्नरात वकील; उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या घरच्या पडवीत प्रयोग मांडला. पुरुषभर उंचीची काचेची नळी, तीत पाणी. तळाशी पत्र्याची बारीक चाळणी. तिच्यातून आम्ल मिसळलेलं रॉकेल सोडायचं. थेंब वर चढतात आणि चढता चढता त्यांच्यातलं आम्ल पाण्यात उतरतं. किती उतरेल, याचं समीकरण मी मांडलं होतं. नळीनं फक्त हो म्हणायचं होतं!

पाच दिवस ती नाही म्हणत होती. आम्ल जेमतेम निम्मं उतरे. वर पोचलेले थेंब एकमेकांत मिसळेनात, बेडकाच्या अंड्यांसारखे चिकटून बसत. माझं डोकं भणभणलं. समीकरण चुकलं? माझं? छे — चाळणीच चुकली असणार.

चाळणी कासीमचाचांची. पेठेतले पत्र्याचे कारागीर. सुईच्या टोकाएवढी भोकं एका मापानं पाडणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. भर दुपारी मी त्यांच्या दुकानात शिरलो. आत ते एकटेच होते. चाळणी त्यांच्या अंगावर फेकली, नाही नाही ते बोललो. त्यांनी ती उचलून उजेडाला धरली. उजवा हात ऐरणीवर टेकलेला होता.

"भोकं बराबर हायेत, राव. नळी कशानं धुतली व्हती?"

रिठ्यानं. आमच्या घरी काच रिठ्यानंच धुतात. मी रोज स्वतः धुवत होतो.

"मंग त्योच नडतोय. रिठ्याचा अंश ऱ्हायला तर पत्र्याच्या जोडाला कथलाचा डागबी धरत न्हाई आमचा."

मला त्याच क्षणी कळलं. रिठ्याचा थर थेंबाभोवती बसतो, आम्लाची वाट अडते — हे मी पुस्तकात वाचलेलं होतं! तरी पत्रा ठोकणाऱ्या माणसानं मला सांगावं? ते चुकत असते तर मी शिव्या देऊन निघून गेलो असतो. ते बरोबर होते. समोर हातोडी पडली होती. मी ती उचलली आणि त्या हातावर घातली. हाडाचा आवाज झाला, चाळणीवर रक्त उडालं. माझा हात वर कुठे होता, त्यांचा खाली कुठे — मला स्पष्ट दिसत होतं. मी पुन्हा घातली.

किंकाळी ऐकून माणसं धावली. "हातोडी निसटली," मी म्हणालो. चाचा माझ्याकडे पाहत राहिले आणि गप्प बसले. वकिलाच्या पोराविरुद्ध बोलून त्यांना त्याच पेठेत राहायचं होतं ना?

दुसऱ्या दिवशी मी नळी नुसत्या कढत पाण्यानं धुतली. आकडे जुळले. प्रबंधातलं रिठ्याचं प्रकरण सगळ्यांत गाजलं. त्यात मी लिहिलंय — 'माझ्या लक्षात आले'.

चाचांची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. बारीक काम सुटलं. पुढे ते दुसऱ्यांनी केलेले डबे विकत बसत. मी दिसलो की डाव्या हातानं सलाम करत.

हातोडी निसटली नव्हती. मी मारली होती — दोनदा.