पाडल्याचा दाखला

आमच्या नगरपंचायतीत घरपट्टीचा एक बाबू आहे. अर्ज हातात आला की तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतो, दर स्वल्पविरामाला थांबतो आणि शेवटी म्हणतो, "नियमानं चालू ना भाऊ." लाच सोडा, तो कुणाचा चहाही घेत नाही. त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

मोजणीवाल्यांनी आमच्या अंगणातला धानाच्या तणसाचा ढीग वरून काढलेल्या फोटोत पाहिला. त्यावर ताडपत्री होती, म्हणून त्यांनी ती पक्की खोली धरली आणि घरपट्टी वाढवली. मी मुदतीत हरकत घेतली. सुनावणी चार महिने लांबली. तोवर म्हशींनी ढीग संपवला.

मग एकदाचा बाबू टेप घेऊन घरी आला. रिकाम्या जागेभोवती फिरला.

"इथं तं काहीच दिसून नाही राहिलं. म्हंजे खोली पाडली. पाडल्याचा दाखला लागन."

"अहो, खोली नव्हतीच. तणसाचा ढीग होता. म्हशींनी खाल्ला."

"कागदावर खोली हाय, भाऊ. नाही पटत तं भंडाऱ्याले अपील करा."

माझं डोकं फिरलं. "मग लिहा, म्हशींनी खोली खाल्ली."

तो गोठ्यात डोकावून आला. शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं आणि नेहमीसारखं थांबत थांबत वाचलं, "सदर खोली, अर्जदाराच्या दोन म्हशींनी, खाल्ली असल्याने, कमी करावी."

चेहऱ्यावर हसू नव्हतं. माझ्यापुढे पेन धरून त्याने विचारलं, "दोनच हायेत ना म्हशी? मंग करा सही."