चावणाऱ्या चपला

एचआयव्हीच्या गोळ्या आणायला मी दर महिन्याला दवाखान्यात जातो. परवा तिथे बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी चपला काढल्या आणि तळपाय हळूच थंड फरशीवर टेकवले. चेहऱ्यावर जो आराम पसरला, तो मला ओळखीचा वाटला.

"आग होते का हो, ताई?"

"चार वर्षं झाली. घरी सांगते, चपला चावतात."

मला हसू आलं, माझंही त्यांना सांगितलं. मीही बायकोला हेच सांगितलेलं आणि त्या भल्या बाईनं एकामागून एक पाच जोड आणले. डॉक्टरांना मात्र दरवेळी "एकदम बरंय" म्हणायचो. रिपोर्ट चांगला आलेल्या माणसानं कुरकुरायचं कसं?

"तुम्ही सांगा की आत," ताई म्हणाल्या. "ओरडा बसला नाही, तर मग मी सांगते."

गेलो. तळपायांचं सांगितलं, कशातच मन लागत नाही हेही सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह राहू शकतो. मन खचलं की दाह आणि दुखणं वाढू शकतं, दुखलं की मन आणखी खचतं. दोन्हींवर उपचार करू."

शरीर आणि मन ही मी दोन वेगळी घरं समजत होतो. मधली भिंत एकच निघाली, इकडच्या चुलीची धग तिकडे लागत होती. मग इकडचा गारवाही तिकडे पोचेलच की.

बाहेर आलो. ताईंनी नुसती भुवई उंचावली.

"नाही ओरडले," मी म्हणालो.

पदर सारखा करून त्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला फार बरं वाटलं.