कुलपाचा प्रवेश

सोमवारी नाटक कंपनीला सुट्टी असायची आणि मला दुप्पट काम. सकाळी नऊच्या सुमारास चिकपेटेतल्या आमच्या दोन खोल्यांत तीन विनोदी नट जमायचे आणि पानं मांडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. तिघांतले एक आमचे हे. दुसरा त्यांच्याच कंपनीतला जोडीदार, अंगाने इतका जाडा की आमच्या दारातून तो एक खांदा पुढे करून आत येई. तिसरे एक म्हातारे नट. त्यांनी काम सोडून बरीच वर्षं झाली होती, बोलणं मात्र सोडलं नव्हतं. म्हातारे आमच्यासारखेच, पिढ्यान् पिढ्या बेंगळूरात राहिलेले मराठी. जाडा कानडी, पण माझ्या हातचा उपमा खाऊन खाऊन त्यालाही मराठी फुटलं होतं.

लग्न झालं तेव्हा हे कापड गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, राजीनामा दिला, उद्यापासून कंपनीत जातो. माझे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "मी मुलगी कारकुनाला दिली होती, ती नाटक्याने पळवली." कंपनी सहा-सहा महिने गावोगाव मुक्काम करायची. मग वर्षा-दोन वर्षांनी बेंगळूरला परत यायची, मॅजेस्टिकजवळच्या मैदानात पत्र्याचं थिएटर उभं राहायचं आणि मला नवरा मिळायचा.

मिळायचा म्हणजे काय, घरात दिसायचा. लोकांना वाटतं, विनोदी नटाची बायको दिवसभर हसत असेल. दिव्याखाली अंधार! हे घरी असले की तोंडापुढे वर्तमानपत्र. आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर "हूं". नवीन पातळ नेसून समोर उभी राहिले तरी "हूं". हा माणूस मान वर करून आपल्याकडे बघत नाही, हे मी नऊ वर्षांत मनोमन ठरवून टाकलं होतं आणि त्याचं दुःख करणंही सोडून दिलं होतं.

सोमवारी मात्र ह्यांना वाचा फुटायची. मी आत कांदा चिरत असले तरी कान बाहेर असायचे, कारण किस्से खरंच ऐकण्यासारखे असत. जाड्याचा एक ठरलेला होता. त्याने झोपाळू राक्षसाचं काम केलं होतं. राक्षसाला उठवायला ढोल वाजवायचे, शंख फुंकायचे, असा प्रवेश. एका गावात पाहुणचार इतका झाला की हा खराच झोपला. ढोल झाले, शंख झाले, भाले टोचून झाले. प्रेक्षक खूश, वा काय अभिनय! शेवटी मालकांनी आतून एका राजकन्येच्या हाती गरम वड्यांची बशी पाठवली, तेव्हा राक्षसाने डोळे उघडले. "आणि पहिलं वाक्य काय बोललास?" म्हातारे दर वेळी विचारायचे. "चटणी यल्लि?" जाडा दर वेळी सांगायचा, आणि चटणी कुठे म्हणून विचारत तो माझ्या स्वयंपाकघराकडे बघायचा.

म्हाताऱ्यांचा किस्सा चपलेचा. मागे राजवाडा लावायचा असला की पुढे साधा पडदा सोडतात आणि विनोदी नटाला त्याच्यापुढे ढकलतात. सुताराने आतून दोनदा ठोकलं की वाडा तयार. तोवर ह्याने लोक धरून ठेवायचे. एकदा वाड्याची भिंतच मोडली. सुतार काही ठोकेना. म्हाताऱ्यांचं सगळं बोलून झालं, गाऊन झालं. मग त्यांनी एक चप्पल हळूच आत भिरकावली आणि ती हरवली म्हणून शोधायला लागले. पडद्याखाली, पेटीवाल्याच्या मागे, स्वतःच्या पगडीत. शेवटी पहिल्या रांगेतले फौजदारसाहेब आपल्या खुर्चीखाली वाकून बघायला लागले, तेव्हा कुठे सुताराने ठोकलं.

त्या दिवशी हाच किस्सा संपला आणि म्हातारे एकदम जाड्यावर घसरले. जाड्याने म्हणे तुमकूरच्या मुक्कामात चपलेची ती गंमत त्यांना न विचारता वापरली होती. ह्या लोकांत एक रीत होती. कुणाची गंमत दुसऱ्याला हवी असेल तर त्याच्यापुढे पानाचा विडा ठेवायचा आणि मागायची. त्याने विडा तोंडात घातला की दिली. तबकात राहू दिला की नाही दिली. पुढे वाद नाही.

"विडा न देता उचलतोस? चोर आहेस तू," म्हातारे म्हणाले.

जाडा लाल झाला. "मी एकटाच का? ह्यांनी अक्कांना विडा दिला होता का?"

मी विळी आडवी करून दारात आले. "कसला विडा? माझं काय घेतलं?"

जाडा चप्पल शोधायला लागला, ह्या वेळी खरीखुरी. ह्यांनी वर्तमानपत्र उचललं. म्हातारे तेवढे माझ्याकडे बघून म्हणाले, "रविवारी दुपारच्या खेळाला ये, बाई. तिकीट मी काढतो."

मी नाटक बघायला जात नसे. पत्र्याखाली उकडतं, पोरीला झोप येते, ही लोकांना सांगायची कारणं. खरं कारण राग. ज्या कंपनीने माझा संसार अर्धा केला तिला तिकीट काढून कशाला बघू? पण त्या रविवारी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेले आणि बायकांच्या बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या अंकानंतर साधा पडदा पडला. त्याच्या एका कडेला नुसतीच दाराची चौकट उभी केली होती. त्या दारातून एक बाई बाहेर आली. कमरेला किल्ली खोचलेली, हातात पिशवी. बाईने दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, पाच पावलं गेली, थांबली. आभाळाकडे बघितलं, जसा काही पाऊसच कारण आहे. परत आली, कुलूप ओढलं. पुन्हा गेली. पुन्हा आली आणि आता कुलपालाच दम देऊ लागली, "मी येईपर्यंत हललंस तर बघ." थिएटर हसून हसून फुटायची वेळ आली. मीही हसत होते, पदर तोंडात धरून. मग लेक बाकावर उभी राहून ओरडली, "आई, ती तू!"

तेव्हा मला लुगडं दिसलं. विटकरी इरकल, माझं. ते हरवलं म्हणून मी धोब्याशी आठवडाभर भांडले होते. आणि लुगड्यातली बाई म्हणजे आमचे हे.

तिसऱ्यांदा त्या बाईचा धीर सुटला. तिने कुलूप काढलं, दार उघडलं, तर आतून जाडा बाहेर आला, अर्ध्या दाढीला साबण, हातात वस्तरा. नवऱ्यालाच आत कोंडलं होतं! लोक बाकांवर थापा मारू लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या गल्लीतला फुलवाला मी कुलूप ओढायला लागले की मान खाली घालून का बसतो, वाण्याचा मुनीम मला बघून का खोकतो, सगळा उलगडा झाला. तीन वर्षं मी रोज रस्त्यात फुकटचा खेळ करत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर रागाच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला जास्त छळत होती. किल्ली खोचल्यावर मी तिच्यावर दोनदा थोपटते, हे मलाही माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. पिशवी कुठल्या हातातून कुठल्या हातात घेते, मान किती वळवते, चिडले की डावी टाच कशी उचलते, सगळं. वर्तमानपत्राच्या आडून ह्या माणसाने मला तसू तसू बघितलं होतं. आणि मग ते मला न सांगता आठशे लोकांना दाखवलं. आनंद कुठे संपतो आणि अपमान कुठे सुरू होतो, मला कळेना. घरी आल्यावर मी एक शब्द बोलले नाही. ह्यांनीही "हूं" केलं नाही.

सोमवारी तिघे आले. कुणी किस्सा काढला नाही. कॉफी झाल्यावर म्हाताऱ्यांनी ह्यांना डोळ्याने खुणावलं. ह्यांनी पितळी तबकात विडा ठेवला, तबक माझ्यापुढे सरकवलं आणि खाली बघत म्हणाले, "चुकलो. आधी मागायला हवं होतं. आता मागतो. तू नाही म्हणालीस तर उद्यापासून बंद."

जाडा घाईघाईने म्हणाला, "अक्का, स्वल्प विचार करा. लोक त्या प्रवेशासाठी येतात. मालक ह्यांना त्याच्यामुळेच मानतात."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "तुमचे पडद्यामागचे किस्से मी इतकी वर्षं ऐकले. आता माझा एक ऐका. तुम्ही पडद्यामागे असता तेव्हा त्याच्याही मागे काय चालतं, त्याचा."

आणि मी सांगितलं. हे दावणगेऱ्याच्या मुक्कामाला होते. लेक दोन वर्षांची. ती दुपारची झोपली होती आणि नळाला पाणी आल्याचा पुकारा झाला. मी दाराला कुलूप अडकवून घागर घेऊन धावले. अडकवलं, पण दाबलं नाही. परत आले तर कुलूप कोयंड्यात लोंबत होतं, दार उघडं आणि अंथरुणावर नुसतं पांघरूण. आधी खाटेखाली बघितलं, मग शेजारी, मग विहिरीत. विहिरीत वाकून बघताना जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. अनवाणी चिकपेट पालथं घातलं. दोन तासांनी बाजाराच्या तोंडाशी एक जटका दिसला. जटकावाल्याने तिला पुढ्यात बसवलं होतं आणि घोडा हळू चालवत गल्लोगल्ली ओरडत होता, "यार मगु? यार मगु?" कोणाची पोर म्हणून विचारत होता आणि माझ्या तोंडून 'माझी' एवढंसुद्धा निघेना. मी नुसते हात पुढे केले.

"तेव्हापासून मी कुलूप ओढते," मी म्हटलं. "एकदा ओढून भागत नाही. हाताला कळतं, मनाला कळत नाही."

जाड्याचे डोळे भरून वाहत होते आणि तो ते लपवतही नव्हता. ह्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रंग लावलेला नाही, वर्तमानपत्र नाही, काहीच नाही.

"मला का नाही कळवलंस?" हे म्हणाले.

"पत्रात काय लिहू? पोर हरवली होती, सापडली, तुम्ही लोकांना हसवत राहा?"

त्यांनी तबक स्वतःकडे ओढलं. "राहू दे. मी हे कधी करणार नाही. मला माहीत असतं तर..."

"माहीत नव्हतं, म्हणून तर हसता आलं," म्हातारे हलकेच म्हणाले. पण त्यांनीही तबकाकडे हात केला नाही. ठरवायचं मी होतं.

मी त्या विड्याकडे बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणायचा मला हक्क होता. पण मला ते थिएटर आठवत होतं. बाकावरच्या त्या बायका माझ्यासारख्याच दाराला कुलूप घालून आल्या होत्या, आणि पोट धरून हसत होत्या. मीसुद्धा हसले होते. तीन वर्षांत कुलपाकडे बघून मी पहिल्यांदाच हसले होते.

"एक बदल करा," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा परत येऊन दार उघडल्यावर आतून हा साबण लावून येतो ना? खुशाल येऊ दे. पण त्याच्या खांद्यावर पोर हवी. झोपलेली."

ह्यांनी विचारलं, "हशा कमी होईल. चालेल?"

"तो तुमचा धंदा आहे, तुम्ही बघा. मला पोर आत हवी."

"सरी, ठीक आहे," हे म्हणाले, आणि मी विडा उचलून तोंडात घातला.

पोर म्हणजे चिंध्यांची बाहुलीच, दुपट्यात गुंडाळलेली. जाडा तिला खांद्यावर घेऊन, अर्ध्या साबणाच्या तोंडाने, ती उठू नये म्हणून चवड्यांवर बाहेर यायचा. एवढा मोठा माणूस तसा चालताना बघून लोक आधीपेक्षा जास्तच हसत. लुगड्यातली बाई मात्र पोरीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहायची. ते मी शिकवलं नव्हतं.

पुढे सिनेमाची थिएटरं वाढली, पत्र्याचं थिएटर उठलं, कंपनीच बंद झाली. तोवर मी तो खेळ चार वेळा बघितला. प्रत्येक वेळी ती बाई तिसऱ्यांदा दाराशी आली की माझा हात कमरेच्या किल्लीवर जायचा. चारही वेळा पोर आतच होती.