हाक आली की उठायचे

धरणाच्या पाण्यात उभी असलेली ती टेकडी नकाशावर बेट म्हणून दाखवलेली नाही. आषाढापासून होळीपर्यंत तिच्या चारही बाजूंना पाणी असते. होळीनंतर एका अंगाला चिखलाची चिंचोळी वाट उघडते आणि मे महिन्यात तिच्यावरून बैल चालत येतात. नकाशा बहुधा मे महिन्यात केला असावा. टेकडीवर एक वाडी आहे आणि वाडीच्या टोकाला सातवीपर्यंतची शाळा. खोल्या दोन, सर एक.

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी आसनगावला राहायला आलो. सरांची ओळख निघाली. मुलांकडून भित्तिपत्र करून घ्याल का, असे त्यांनी विचारले, म्हणून आठवड्यातून एकदा जाऊ लागलो. खर्डीपर्यंत गाडी, पुढे रिक्षा, रिक्षा थांबते तिथून पायवाट. पायवाट पाण्यात संपते. तिथे उभे राहून हाक मारायची.

वाडीची होडी शाळेखालच्या खडकाला बांधलेली असते. नावाडी नाही. पलीकडच्या काठावरून कोणी ‘हूऽऽऽय’ अशी लांब हाक दिली की ज्याच्या कानावर ती पहिल्यांदा पडेल त्याने हातातले काम टाकून निघायचे. कोणाची हाक आहे हे विचारत बसायचे नाही. जाऊन बघायचे. एकदा कधीतरी एका हाकेला कोणी गेले नव्हते. त्या दिवशी पलीकडे काय झाले ते वाडीत कोणी सांगत नाही, नियम तेवढा सांगतात. पाच वर्षांच्या पोरालाही तो माहीत असतो. वल्हे पेलत नसेल त्याने धावत जाऊन मोठ्याला उठवायचे.

सर नवे होते तेव्हा वर्ग चालू असताना उठायला त्यांनी बंदी केली होती. पुढच्याच सोमवारी ते स्वतः पलीकडे उभे राहून हाका मारत होते. मोठी माणसे रानात गेलेली. मुले वर्गात बसून होती आणि मॉनिटर कोणाला उठू देत नव्हता. सर दुपारी पोचले. बंदी त्याच दिवशी उठली.

भित्तिपत्राचे नियम मी घालून दिले. काय झाले, कुठे झाले, कोणाला झाले, एवढेच लिहायचे. आपले मत घालायचे नाही. ‘खूप’ आणि ‘अतिशय’ हे शब्द वापरायचे नाहीत. सहावीतली एक मुलगी संपादक झाली आणि तिने हे नियम माझ्यापेक्षा कडक पाळले. सुरुवातीच्या एका अंकातली बातमी अशी होती : ‘गुरुवारी शाळेत साप निघाला. तो बिनविषारी होता. सर बाकावर उभे राहिले.’ सरांनी ती वाचली आणि ‘उभे राहिले’च्या जागी ‘उभे होते’ करता येईल का, असे मला विचारले. संपादक म्हणाली, आधी ते खाली होते.

बाकीच्या बातम्या शाळेच्याच असत. परसबागेतली काकडी कोणी तरी खाल्ली. तिसरीच्या मुलांनी पाढे म्हणून दाखवले. वनभोजनासाठी मुले टेकडीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि जेवून परत आली. त्या वर्षी सगळ्यांत जास्त बातम्या मात्र सातवीतल्या एका मुलीच्या होत्या, कारण ती धावत होती.

तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा दिवाळीच्या आधी शहापुरात व्हायच्या होत्या. सहाशे मीटर धावण्यात पहिल्या दोन आलेल्या मुलींना मुरबाडकडच्या एका निवासी शाळेत घेणार होते. ही शाळा सिद्धगडाच्या बाजूला आहे. जेवण, कपडे, पुस्तके तिकडचीच, आणि बारावीपर्यंत काळजी नाही. सरांनी हे मुलीच्या बापाला सांगितले. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्यांत हे घर होते. आधीच्या वर्षांत मुलगी आजीजवळ राहायची आणि शाळेत यायची. या वर्षी तिचा धाकटा भाऊ चालायला लागला होता. भट्टीवर चालत्या पोरामागे कोणी तरी लागते.

बाप म्हणाला, “तिकडं नंबर लागला तं जाऊं दे. नाय लागला तं भट्टीवर. मधी काय नाय.”

मुलीने त्या शाळेविषयी मला एकच प्रश्न विचारला. “तिथं पोरं सांभाळायला लागतात का?”

नाही, म्हटले. मग ती धावायला गेली.

टेकडीवर सपाट जागा नाही. पाणी जिथे संपते तिथल्या ओल्या काठाने ती टेकडीला फेऱ्या घालायची. पाऊस थांबला की धरणाचे पाणी रोज थोडे उतरते, त्यामुळे तिची फेरी दर आठवड्याला लांब होत होती. वेळ वाढला तर ती हळू धावते आहे की टेकडी मोठी झाली आहे हे सरांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी घड्याळ ठेवून दिले आणि बरोबर एक कुत्रा धावतो का ते बघू लागले. महिनाभराने कुत्रा मागे पडायला लागला. ही बातमी अंकात आली.

स्पर्धेच्या दिवशी सर, मी आणि वरच्या वर्गातली पाच-सहा मुले शहापूरला गेलो. मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या, मांडव होता, मांडवात प्रमुख पाहुणे होते. सहाशे मीटर म्हणजे मैदानाला दीड फेरी. आमची मुलगी अनवाणी होती. पहिली फेरी संपायच्या आत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि मागचीत आणि तिच्यात चांगले अंतर पडले होते. सर उभे राहिले. मीही उभा राहिलो असेन.

त्याच वेळी फाटकाकडून कोणी तरी मोठ्याने ‘हूऽऽऽय’ केले.

आमची मुले बसल्या जागेवरून एकदम उठली आणि फाटकाकडे धावली. सरांनी एकाला सदऱ्याला धरले, बाकीची गेली. धावणारी मुलगी वळणावर होती. ती थांबली नाही. तिने फक्त दिशा बदलली. फक्कीची रेघ ओलांडून ती मांडवाच्या समोरून आली. पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार चालू होता. ती आपल्याकडेच येते आहे असे समजून त्यांनी हात पुढे केला. ती त्यांच्या पुढून निघून गेली.

फाटकाशी मांडववाल्याचा माणूस टेंपोला टेकून उभा होता.

“किती मानसं हायेत?” मुलीने विचारले.

“कसली मानसं?”

“पलीकडं जायाचंय ना?”

“कुठं पलीकडं, गो? आमचा डायवर कुठं उलथलाय त्याला बोलवतोय.”

“मंग नाव घेऊन बोलव ना!” ती म्हणाली आणि परत वळली.

जिथून बाहेर पडली होती बरोबर त्याच वळणावरून ती आत शिरली. तोपर्यंत बहुतेक मुली तिच्या पुढे गेल्या होत्या. राहिलेल्या अंतरात तिने एक सोडून सगळ्यांना मागे टाकले. दुसरी आली. आमची मुले ओरडत होती. पंचांनी तिला बाद ठरवले.

सर पंचांकडे गेले. “ती जिथून बाहेर गेली तिथूनच आत आली. उलट इतर सगळ्यांपेक्षा जास्त पळाली.”

“जास्त पळाली हे मान्य आहे,” पंच म्हणाले. “पण बाहेर पळाली.”

“तिला हाक ऐकू आली होती.”

“सर, इथे सगळेच ओरडतायत.”

नियम स्पष्ट होता आणि पंचांचे वागणे नियमाला धरून होते. सरांनी अर्ज दिला, तोही त्यांनी घेतला. निकाल बदलला नाही. पहिल्या आलेल्या मुलीबरोबर तिसऱ्या आलेल्या मुलीचे नाव निवासी शाळेकडे गेले.

परतताना जीपमध्ये मुले सुरू झाली.

“टेंपोतच बसायचं होतंस गो, फुकट आलो असतो.”

“तो पाव्हना बघ ना, कसा हात पुढं करून बसलेला!”

“तू पन धावलास ना रे? मंग?”

“मी शर्यतीत नव्हतो.”

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. ती रडली नाही. एकदाच म्हणाली, “मला वाटलं, म्हातारं कोन असंल.”

काठावर आम्ही हाक दिली. होडी तिच्या बापानेच आणली. मुले चढेपर्यंत त्याने होडी काठाशी धरून ठेवली. मग म्हणाला, “कितवी?”

सरांनी झालेले सगळे सांगितले. होडी मध्यावर येईपर्यंत बाप वल्हे मारत राहिला.

“मंग तो मिळाला का?” बापाने विचारले.

“कोण?” सर म्हणाले.

“डायवर.”

सर माझ्याकडे बघू लागले. मुलगी म्हणाली, “नाय बघितलं.”

“बघायचं ना. गेलीसच होतीस तं.”

पुढच्या अंकासाठी संपादकाने मथळा आणला : ‘धावपटू शर्यत सोडून हाकेला गेली. हाक चुकीची निघाली.’ मथळ्यात दोन वाक्ये नसावीत असे मी सांगणार होतो, पण हरकत दुसरीकडून आली.

“चुकीची कशी?” सातवीतली मुलगी म्हणाली. “डायवर खराच हरवलेला.”

“पण तुझ्यासाठी नव्हती ना.”

“हाक काय नाव बघून येते?”

संपादकाने विचार केला आणि ‘चुकीची’ खोडून ‘दुसऱ्याची’ केले. तिने निकालही छापला. पहिली कोण, तिसरी कोण, आणि दुसऱ्या नंबरावर कोणी नाही.

दिवाळी झाली. भट्टीवर जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू झाली. मी त्या आठवड्यात गेलो तेव्हा वाडीच्या मधल्या ओट्यावर माणसे बसली होती. मुलीच्या घराच्या दारात पत्र्याची पेटी, भांड्यांचे गाठोडे आणि कोंबड्यांची डालगी होती. मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी होती. सर आले होते. त्यांनी बापाला पुन्हा सांगून पाहिले, की सातवी तरी पुरी होऊ द्या.

“मधी काय नाय, असं ठरलेलं ना, सर?” बाप म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

ओट्यावर एक म्हातारा बसला होता. तो भट्टीवर जायचा कधीच थांबला होता. त्याने तंबाखू मळत विचारले, “आमी मागं कोन कोन ऱ्हातो रे?”

बापाने सांगितले. सगळी म्हातारी माणसे आणि लहान पोरे.

“मंग हाक आली तं वल्हं कोन मारंल?”

“शाळेतली पोरं हायेत ना.”

“अर्धी तं तुमी घेऊन चाललात.” म्हाताऱ्याने मुलीकडे हात केला. “हिला ठेव. ही जिकायची सोडून गेली. दुसरी कोन जाईल?”

“टेंपोवाल्याच्या हाकंला गेली ती!” कोणी तरी बोलले आणि ओटा हसला. बापही हसला.

“हसू नका,” म्हातारा म्हणाला. “तुमच्यातला कोन गेला असता?”

बापाने बायकोकडे पाहिले. ती पेटीला दोरी आवळत होती. तिने मान वर न करता म्हटले, “पोराला कोन बघंल?”

“पोरगा पन इथंच ऱ्हाईल,” बाप म्हणाला. “म्हातारी हाय. ही हाय.”

“माझा पोरगा मी ठेवून जाऊ?”

त्यावर बराच वेळ बोलणे झाले, त्यातले बरेचसे घरात गेल्यावर झाले. बाहेर आल्यावर आईने पोराचे कपडे गाठोड्यातून काढून वेगळे केले. कोणी मुलीला काही विचारले नाही. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांना आनंद झाला होता, पण दाखवावा की नाही हे त्यांना कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाणारी माणसे मुलीनेच खेपा करून पलीकडे सोडली. आईबाप शेवटच्या खेपेत होते. हे मी पाहिले नाही, अंकात वाचले. त्या बातमीत मत नाही.

पुढच्या आठवड्यात मी शाळेत पोचलो तेव्हा सर अपूर्णांक शिकवत होते. मुले थोडी राहिली होती, त्यामुळे सगळे वर्ग एकाच खोलीत. मुलगी दाराजवळ बसली होती आणि भाऊ तिच्या मांडीवर पाटी चाटत होता. मी तिला विचारले, बरे झाले ना, राहिलीस ते?

“मुरबाडला गेली असती तं जास्त बरं झालं असतं,” ती म्हणाली. मग सरांनी तिला गणित घातले आणि तिने ते सोडवायला घेतले.

गणित अर्धे झाले होते तेव्हा पलीकडून हाक आली. दोन मुले उठली, पण ती आधी उठली. तिने भावाला उचलून सरांच्या हातात दिले, पेन्सिल वहीत ठेवली आणि उताराने होडीकडे गेली. पोराने एकदा दाराकडे पाहिले आणि सरांच्या खिशातला खडू काढला. सरांनी त्याला दुसऱ्या कडेवर घेतले.

“तीन छेद चार,” ते म्हणाले आणि मोकळ्या हाताने फळ्यावर लिहू लागले.